हवाई पिस्तुलांतील लहान स्क्रू

२५ जुलै २०२१ रोजीं टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या दहा मीटर हवाई पिस्तुलाची प्राथमिक फेरी चालू असतांना भारताच्या मनू भाकर यांच्या पिस्तुलांत एकाएकीं बिघाड झाला. ६० बार ७५ मिनिटांत पुरे करावयाचे होते. त्यांतील मोलाचीं मिनिटें दुरुस्तींत गेलीं. उरलेले बार घाईनें पुरे करून भाकर यांनीं ५७५ गुण मिळविले. परंतु अंतिम फेरींत जाण्यास ५७७ गुण लागले. दोन गुणांसाठीं वर्षानुवर्षांची तयारी अडून राहिली. बिघाड नेमका कोणत्या भागाचा होता, हा येथें मुख्य प्रश्न नाहीं. नेमबाजाचा हात, डोळा आणि मन हीं तिन्हीं कितीहि सिद्ध असलीं, तरी हातांतील यंत्र शेवटीं कांहीं चिमुकल्या भागांच्या इमानावर चालतें, हें त्या दिवशीं सर्वांस दिसून आलें. अशा भागांपैकीं अत्यंत उपेक्षित भाग म्हणजे नळीच्या मागील अंगास, ज्याला ब्रीच म्हणतात तेथें, बसविलेला लहान स्क्रू होय.

हवाई पिस्तुलांत दारू नसते. कांहींत स्प्रिंगच्या जोरावर धांवणारा दट्ट्या हवा दाबतो, कांहींत हातानें पंप मारून हवा भरतात, कांहींत कार्बन डायऑक्साइड वायूची १२ ग्रॅमची कुपी बसवितात, आणि सामन्याच्या आधुनिक पिस्तुलांत बहुधा वातावरणाच्या सुमारें २०० पट दाबानें भरलेली हवेची नळकांडी असते. मार्ग कोणताहि असो, दाबलेला वायु अरुंद छिद्रांतून ब्रीचमध्यें येतो आणि ४.५ मिलिमीटर व्यासाच्या छर्ऱ्याला पुढें ढकलतो. हा सांधा रबरी कड्यानें बंद केलेला असतो. अनेक पिस्तुलांत ब्रीचचा ठोकळा खालच्या हवेच्या नळीवर एकदोन लहान स्क्रूंनींच आवळलेला असतो. स्क्रू केसभर सैल झाला कीं ठोकळा किंचित् उचलतो, कड्यापाशीं वायु झिरपतो, आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग निराळा होतो. दहा मीटरवरील लक्ष्यांत दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें असतें. तेथें असा फरक लपत नाहीं. नेमबाज मात्र बिचारा आपल्या हातालाच दोष देत बसतो.

सैल स्क्रूइतकाच फाजील आवळलेला स्क्रूहि घातक. मळसूत्र म्हणजे दांड्याभोंवतीं गुंडाळलेला उतार. थोड्या जोराची मोठी ओढ करणें हाच त्याचा धर्म. तीन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूस दहा सेंटिमीटर लांबीच्या किल्लीनें एक किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर त्यापैकीं बहुतेक जोर घर्षणांत खर्च होऊनहि स्क्रूच्या अंगीं सुमारें दीडशे किलोग्रॅम वजनाची ओढ उत्पन्न होते. पोलादी स्क्रू ती सोसतो. पण ज्या ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूच्या भोंकांत तो फिरतो, तेथील आटे ती सोसतीलच असें नाहीं. आट्यांवर तेल असल्यास घर्षण घटतें आणि तेवढ्याच जोरानें स्क्रू अधिक ताणला जातो. एकदां भोंकाचे आटे गेले, कीं नवा स्क्रू आणूनहि उपयोग होत नाहीं.

दुसरा घोटाळा मापांचा. पूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं इंग्लंडांत आट्यांसाठीं एक प्रमाण सुचविलें. परंतु अगदीं लहान स्क्रूंना तें सोईचें नव्हतें. म्हणून १८८४ सालीं ब्रिटिश असोसिएशननें जिनीव्हाच्या थुरी यांच्या पद्धतीवरून लहान स्क्रूंची स्वतंत्र मालिका पुढें आणली. तिच्यांतील सहाव्या क्रमांकाचा स्क्रू २.८ मिलिमीटर जाड असून त्याच्या दोन आट्यांतील अंतर ०.५३ मिलिमीटर आहे. तीन मिलिमीटरच्या नेहमींच्या मेट्रिक स्क्रूंत तेंच अंतर ०.५ आहे. डोळ्यांना हा भेद दिसत नाहीं. पण एकाच्या भोंकांत दुसरा दडपला कीं आटे कापले जातात. किल्ल्यांचेंहि असेंच. एक सोळांश इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर. त्या मापाच्या षट्कोणी खाचेंत १.५ मिलिमीटरची ॲलन-की सहज जाते, किंचित् डुलते, आणि जोर लावतांच खाचेचे कोपरे खाऊन टाकते. म्हणून पिस्तूल कोणत्या देशच्या बनावटीचें आहे याची चौकशी आधीं करावी.

काम आरंभण्यापूर्वीं पिस्तुलांत छर्रा नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें, नळीचें तोंड निर्धोक दिशेस ठेवावें, वायूची कुपी अगर नळकांडी काढावी आणि सांठलेला दाब पूर्णपणें सोडून द्यावा. दाब असतांना ब्रीचचा स्क्रू काढणें म्हणजे अपघातास आमंत्रण देणें होय. खालीं पांढरें फडकें अंथरावें, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर शोधावा लागत नाहीं. स्क्रू ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें कागदावर मांडावे. कारण दोन स्क्रू सारखे दिसले तरी त्यांच्या लांबींत भेद असूं शकतो, आणि लांब स्क्रू आखूड जागीं गेला तर तो खालीं टेकतो व वरचा ठोकळा सैलच राहतो. पेचकसाचें पातें खाचेइतकेंच रुंद व जाड असावें. निमुळतें पातें वर चढून खाचेची कड फाडतें. स्क्रू हलेना, तर बळ वाढवूं नये. गंज सोडविणाऱ्या तेलाचा एक थेंब देऊन रात्रभर वाट पाहावी. घाईनें तुटलेलें डोकें पुन्हां जोडतां येत नाहीं.

परत बसवितांना स्क्रू प्रथम हलक्या हातानें उलट दिशेस फिरवावा. आट्याचें तोंड आट्यावर येतांच बोटांना टिचकीसारखा सूक्ष्म धक्का जाणवतो. तेथून तो सुलट फिरवीत बोटांनींच खालपर्यंत न्यावा. मध्येंच अडला, तर तिरका गेला असें समजून बाहेर काढावा. दोन स्क्रू असल्यास ते आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे, म्हणजे ठोकळा सरळ बसतो. शेवटचा पीळ किल्लीची लांब बाजू स्क्रूंत घालून आखूड बाजूनें द्यावा. त्यामुळें जोर आपोआप मर्यादेंत राहतो. स्क्रू वारंवार सैल होत असल्यास आटे बांधून ठेवणारा सौम्य जातीचा द्रव वापरावा. अमेरिकेंत व्हर्नन क्रीबल यांनीं १९५३ सालीं शोधलेला हा द्रव हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला कीं घट्ट होतो. कित्येक प्लास्टिकांना मात्र त्यानें तडे जातात. शेवटीं कागदावर पांच बार टाकून छर्रे एका ठिकाणीं पडतात कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज काम पुरें झालें असें मानूं नये.

२८ जुलै २०२४ रोजीं पॅरिस येथें त्याच दहा मीटर हवाई पिस्तुलाच्या अंतिम फेरींत मनू भाकर यांनीं कांस्यपदक मिळविलें. तें यश त्यांच्या धैर्याचें आणि परिश्रमाचें. यंत्रानें त्या दिवशीं एवढेंच केलें, कीं तें आड आलें नाहीं. सामन्याच्या आदल्या आठवड्यांत दिवाणखान्याच्या मेजावर, पांढऱ्या फडक्यासमोर बसून, योग्य मापाची किल्ली हातांत घेणाऱ्या माणसाला याहून अधिक कांहीं साधावयाचें नसतें.