जपानी अनुकरणशब्दांतील ध्वनिक्रम

शिक्षकाच्या पेशांत असतांना मुलांच्या निबंधांतील 'लुडबुड', 'चुळबुळ', 'लगबग' असल्या शब्दांखालीं मीं तांबड्या शाईच्या पुष्कळ रेघा ओढल्या. हे शब्द घरगुती, लेखनास न शोभणारे, असें माझें मत होतें. निवृत्तीनंतर, जपानांत राहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडून त्या भाषेचे धडे घेऊं लागलों, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, आपण खोडलेल्या शब्दांचे जपानी भाऊबंद तेथें मानानें कोशांत बसले आहेत!"

आवाजाचें अनुकरण करणाऱ्या शब्दांस जपानी लोक 'गिओंगो' म्हणतात, व आवाज नसलेल्या स्थितीचें चित्र उभें करणाऱ्यांस 'गिताइगो'. या शब्दांतील प्रत्येक ध्वनि आपलें काम करतो. लहान गोटी 'कोरोकोरो' घरंगळते, मोठा धोंडा 'गोरोगोरो' गडगडत येतो. चांदणी 'किराकिरा' चमकते, 'गिरागिरा' म्हटलें कीं डोळे दिपतात. व्याकरणांत ज्यांस आपण मृदु व्यंजनें म्हणतों, तींच येथें भार आणि प्रखरता आणतात.

परंतु खरी मौज आहे ती क्रमांत. शब्दाचीं दोन अर्धें भिन्न असलीं म्हणजे कोणतें आधीं यावें? लाकडी पादत्राणें 'कारानकोरोन' वाजतात, आगगाडी 'गातानगोतोन' जाते, पाचोळा 'कासाकोसो' करतो. 'आ' पुढें, 'ओ' मागें. हा क्रम सहसा उलटत नाहीं.

दुसरा क्रम व्यंजनांचा. 'दोताबाता' म्हणजे गडबड, 'जिताबाता' म्हणजे तडफड, 'तेकिपाकि' म्हणजे चटपट. आरंभ जिभेनें होतो आणि दुसऱ्या अर्धाच्या तोंडाशीं ओठ मिटतात. आणि हे अर्थ सांगतांना माझ्या तोंडून आलेले मराठी शब्द ऐकलेत ना? गडबड, तडफड, चटपट! तेथेंही दुसरें अर्ध ओष्ठ्य वर्णानेंच उघडतें. दोन्ही भाषांचें कूळ एक नाहीं. अपवादही दोहोंकडे आहेत. तरी ही आवड सारखी. ती कोणा वैयाकरणानें घालून दिलेली नाहीं. बोलणाऱ्यांच्या कानांनीं ती ठरविली.

म्हणूनच केन्जी मियाझावा (१८९६-१९३३) हा जपानी लेखक असे नवे शब्द स्वतः घडवूं शकला, आणि वाचकांस ते भावले.

माझ्या त्या रेघा आतां पुसतां येणार नाहींत. आपल्या घरांतील एखाद्या मुलानें असा नवाच शब्द लिहिला, तर लेखणी उचलण्यापूर्वीं तो एकदां मोठ्यानें उच्चारून पाहावा, एवढीच विनंति.