आधी मान, मग डोळे

शाळांची स्नेहसंमेलनं तोंडावर आली की पालकांची धावपळ सुरू होते. पोराला नाटकात बैल व्हायचं असतं, आणि आपण भाड्याचा मुखवटा आणून मोकळे होतो. अहो, घरात तेलाचा रिकामा कॅन आहे, पंक्चर झालेली सायकलची ट्यूब आहे, गोणपाट आहे. एवढ्यात खिल्लारी बैल उभा राहतो. चादरीखाली दोन मुलं, पुढच्याच्या हातात डोकं. हे तुम्हाला माहीत आहेच. मला सांगायचं आहे ते मानेचं.

मुलं पहिल्यांदा डोळे चिकटवतात. बाटलीची दोन झाकणं, वर काळा ठिपका, की झाला बैल! तसं नाही, बाळांनो. खरसुंडीच्या नाहीतर म्हसवडच्या बाजारात जनावर घेणारा शेतकरी दात बघतो आणि मग बैल चालवून बघतो. बैल ओळखू येतो तो चालीवर, आणि चाल दिसते मानेत. शेवटच्या रांगेतल्या आजीला तुमची झाकणं दिसणार नाहीत, हललेली मान मात्र दिसेल.

आमच्याकडं वाकळ शिवतात तसं हे काम आहे. वाकळेत जुनेर आत जातं, नवं लुगडं वर येतं. पण आतला थर चुरगळलेला राहिला, तर वरचं लुगडं कितीही भारी असू द्या, वाकळ अंगाला टोचतेच. म्हणून आई आधी आतला थर हातानं सपाट करते, मग काठाकाठानं धावदोरा घालत मध्याकडं येते. बैलाचा आतला थर म्हणजे मान. ती धड नसेल तर वरची झूल, गोंडे, घुंगरं सगळं वाया.

तर जाड पुठ्ठ्याची तीन कडी कापा, पहिलं लहान, पुढची मोठी होत गेलेली. त्यांच्यात चार-चार बोटं अंतर ठेवा. वरच्या बाजूनं तिन्ही कड्यांना ट्यूबची पट्टी ताणून शिवा. खालून डावीकडं एक सुतळी, उजवीकडं एक, दोन्ही डोक्यापर्यंत नेऊन पक्क्या बांधा. डावी ओढली की मान डावीकडं वळते. दोन्ही ओढल्या की बैल वैरणीला वाकतो. सोडल्या की ट्यूब मान वर घेते. वरचं कापड सैल ठेवा, म्हणजे गळ्याखाली पोळी लोंबेल. ताणून शिवलंत तर मान अडकली, आणि मान अडकली की... पुन्हा तेच सांगतो, आधी मान!

शिंगं खिल्लारची हवीत, लांब, मागं वळलेली. कागदाचा लगदा वापरू नका, जड होतो आणि डोकं खाली जातं, म्हणजे पुन्हा मानेवरच आलं. बारीक तारेवर वर्तमानपत्राची गुंडाळी करा, कणकेची खळ लावून पट्ट्या चढवा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलीत तर वाकडी होतील.

ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तिथं मी हे बोलतो आहे. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांपुढं आणल्या. इतक्या वर्षांनी त्या हलू शकल्या, कारण घडवणाऱ्यानं सांध्यांचा विचार केला होता. नुसती रंगवलेली लाकडं असती तर कपाटातच राहिली असती. आपल्या सातारा-सांगलीच्या पोरांना हा वारसा आयता आहे, आणि आपण त्यांना मुखवटा भाड्यानं आणून देतो! बेंदराचा मातीचा बैल हलत नाही, पण तो पूजेचा आहे, त्याची जागा पाटावर. रंगमंचावरच्या बैलानं हलायलाच हवं.

गुरुजींना एक विनंती. तालमीत मुलांना आधी कापड न घालता नुसती मान चालवू द्या. कडी उघडी दिसू देत. कुठली सुतळी ओढल्यावर काय होतं ते हाताला कळलं की मगच...

वेळ होत आली. मागच्या मुलानं वशिंड कसं सांभाळायचं ते राहिलं. शेपटीला मात्र सुतळी नको, जुन्या नाड्यांचा गोंडा बांधा, तो झुलतो. आणि डोळे रंगीत तालमीच्या दिवशी चिकटवा, त्याआधी नाही.