हरवले, सापडले

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. मी कीर्तनकार नाही. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात ठेवून चाललो आहे. ती आज चारचौघांत सांगायची आहे.

आपण सगळ्यांनी समाजआरती पाहिलेली आहे. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट, कुणाचे टाळ. ज्याचं असेल तो पुढे होतो आणि घेऊन जातो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात. हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यावर आपण आजही चालतो.

माझी ती तिसरी वारी. गावातल्या ११ जणांच्या भिशीचे पैसे माझ्याकडे होते, निळ्या कापडी पिशवीत. वाल्ह्याहून निघालो, नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, आम्हीही अंघोळी केल्या आणि लोणंदला पोचलो. पाय सुजले होते. समाजआरतीला न जाता मी राहुटीत आडवा झालो. जरा वेळाने पडशी चाचपली तर पिशवी नाही!

माझ्या डोक्यात पहिलं नाव कुणाचं आलं, ते सांगतो. आमच्याबरोबर एक गडी होता. भिशी भरायची त्याची ऐपत नव्हती. ट्रकमधलं सामान उतरवायचं, राहुट्या ठोकायच्या, पातेली घासायची, त्या बदल्यात दोन वेळचं जेवण आणि पंढरीची वाट. माझी पडशी ट्रकमधून त्यानेच उतरवली होती. झालं, माझा निकाल लागला. राहुटीत चारपाच जण होते, त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "तुझं गाठोडं सोड."

त्याने सोडलं. एक धोतर, एक टॉवेल, गोपीचंदन, औषधाच्या गोळ्यांची दोन पाकिटं. मी ते धोतरसुद्धा झटकून पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "माउली, नीट बघून घ्या."

तेवढ्यात आरतीहून मंडळी परतली. एक जण दारातूनच म्हणाला, "आत्ताच पुकारा झाला, नीरेच्या घाटावर निळी पिशवी सापडली. आपल्यातली कुणाची नाही ना?" अंघोळीला उतरताना मी ती कपड्यांखाली ठेवली होती आणि तिथेच विसरलो होतो. दुसऱ्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या आईने ती उचलून चोपदारांकडे दिली होती. एक रुपया कमी झाला नव्हता. मी इथे त्याचं गाठोडं झटकत होतो तेव्हा माझी पिशवी तिकडे मालकाची वाट बघत होती!

त्या रात्री मी त्याला बाजूला, पाण्याच्या टँकरमागे, गाठलं आणि माफी मागितली. तो "असू द्या" म्हणाला. आमचे विणेकरी बाबा मला म्हणाले, "चारचौघांत त्याचा मान काढलास, तो चारचौघांतच परत दे. टँकरमागे काय देतोस?" मला कळत होतं. पण जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पंढरपूर आलं. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

मी त्याच्यावर संशय का घेतला, याचा मी पुष्कळ विचार केला. दिवसभर मी त्याला माउली म्हणत होतो, वाटेत त्याच्या पाया पडत होतो. पण आत कुठेतरी हिशेब होता, की भिशी भरणारा तो इमानदार आणि न भरणाऱ्याचा भरवसा काय. दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. ११ जण मला निष्काळजी म्हणतील, याची मला धास्ती होती. माझी किंमत लोकांच्या बोलण्यावर टांगलेली होती, म्हणून ती वाचवायला मी दुसऱ्याची उतरवली. ज्याचं स्वतःबद्दलचं मन भक्कम असतं तो आधी म्हणतो, "माझंच काही चुकलं असेल, बघतो."

आज आपल्या दाराला कॅमेरा आहे, सोसायटीच्या गेटवर वही आहे. कामवाल्या बाईची पिशवी तपासतात, साहेबांची नाही. सावध राहू नका असं मी म्हणत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका, दिंडीचा जमाखर्चही चोख ठेवा. विश्वास म्हणजे भोळेपणा नव्हे. समाजआरतीत तक्रारीलाही जागा आहे, आणि म्हणूनच तिथे विश्वास टिकतो. टाळ वाजत ठेवले की कुणीतरी येऊन ऐकतं. त्या माणसाकडे वाजवायला टाळ नव्हते. तक्रारदार मी, पंच मी आणि न्यायही मीच दिला.

म्हणून या शताब्दीला माझं एक मागणं आहे. आपल्या दिंडीत यापुढे कुणाचंही गाठोडं उघडायचं नाही. काही हरवलं तर आधी आपली वाट आठवायची, मग पुकारा करायचा. आणि यादीत नावं वाचताना भिशी भरणारे आणि पातेली घासणारे असे दोन कागद नकोत, एकच असावा.

त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. पण त्या रात्री राहुटीत असलेले दोघं जण आज इथे समोर बसले आहेत. तुमच्या साक्षीने सांगतो, तो निर्दोष होता आणि मी चुकलो होतो. स्मरणिकेत हे छापून येऊ दे. कुणी त्याला कधी वाचून दाखवलं, तर माझं एक देणं फिटेल.

राम कृष्ण हरी.