गोष्ट सांगावी कशी?



तुम्ही आता वाचू लागलात. घरी नातवंडं म्हणतील, "आजी, गोष्ट वाचून दाखव." ती कशी सांगावी, याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

उदाहरण आपल्या सटाण्याचंच घेऊ. देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीला भरते. ते इथे मामलेदार होते. १८७०-७१ साली दुष्काळ पडला. त्यांनी घरचं होतं ते वाटलं. ते पुरेना. तेव्हा सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये गोरगरिबांना वाटले, असे सांगतात. पुढे तपासणी झाली, तर खजिन्यात एक पैही कमी भरली नाही, अशी कथा आहे.

मास्तरकीच्या पहिल्या वर्षी आम्ही ही गोष्ट वर्गात सांगितली. सुरुवातच अशी केली, "देवाने ज्यांचा खजिना भरून दिला, त्या मामलेदारांची गोष्ट ऐका." झालं! शेवट आधीच सांगून टाकला. पोरं चुळबुळ करू लागली. एकाने विचारले, "गुरुजी, देव भरून देणारच होता, तर मामलेदारांनी मोठं काय केलं?" आम्हाला उत्तर सुचेना. दोष गोष्टीचा नव्हता, आमच्या सांगण्याचा होता.

पुढच्या वर्षी आम्ही रीत बदलली. नुसते "दुष्काळ पडला" म्हटले नाही. चूल थंड आहे, गोठा रिकामा आहे, आई लेकराला पाणी पाजून निजवते आहे, असे सांगितले. दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. मग मामलेदार खजिन्यापाशी आले. हातात किल्ली. इथे आम्ही थांबलो. म्हटले, "पोरांनो, पैसा सरकारचा. वाटला तर नोकरी जाईल, बेड्या पडतील. न वाटला तर माणसं मरतील. तुम्ही काय कराल?"

वर्गात कुणी हलेना.

मग कुलूप उघडले. पैसा वाटला. तपासणीचा दिवस आला. तिथे पुन्हा थांबलो. पेटीचे झाकण अगदी शेवटी उघडले.

या खेपेला तो प्रश्न कुणी विचारला नाही. खजिना भरेल, हे किल्ली फिरवताना मामलेदारांना कुठे ठाऊक होतं? गोष्ट पोरांच्या ऐकण्यातली होती, तरी ती त्यांच्यासंगे दारात उभी राहिली. त्या माणसाची छाती केवढी, हे तेव्हा उमगले.

आपल्या आयाबायांना ही रीत पूर्वीपासून ठाऊक आहे. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. साऱ्या गावाचं दूध ओतलं, तरी महादेवाचा गाभारा भरत नाही. लेकरावासरांना पाजून मग म्हातारी खुलभर दूध आणते, आणि गाभारा भरतो. म्हातारीला आधी आणलं असतं, तर कहाणी उरली असती का?

तेव्हा मंडळी, शेवट आधी फोडू नका. मोठ्या शब्दाऐवजी चूल दाखवा, गोठा दाखवा. नेमक्या जागी थांबा. मात्र पदरचा चमत्कार घालू नका.

आज रात्री ही गोष्ट घरी वाचा. किल्लीपाशी आलात की पुस्तक जरा मिटा, आणि पोरांना विचारा, "तुम्ही काय केलं असतं?" त्यांचं उत्तर ऐका, मग पुढे वाचा.