बोटीवरची माणसं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या वर्गात पालकांचा व्यवसाय विचारला की तीन-चार जणांचं उत्तर ठरलेलं असे, "बाबा बोटीवर." आपल्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता : परदेशी चॉकलेट, सेंटची बाटली आणि गॅदरिंगला कधीच न दिसणारा बाप. तो तिकडे काय खातो, कुणाशी बोलतो, हे आपण कधी विचारलं नाही. गेली सहा वर्षं मी तेच विचारत फिरते आहे, म्हणून आज त्याविषयी बोलते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी उरणला राहायला गेले आणि शेजारणीच्या नादाने न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या खलाशांना भेटणाऱ्या एका छोट्या गटात सामील झाले. बंदराचा पास, डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, पायात जड बूट. माझा हा अवतार बघून नातू अजून हसतो.

तुम्ही म्हणाल, बंदरात बोट लागली की खलाशी उतरून भटकत असतील. पूर्वी तसं होतं. बोट आठ-आठ दिवस धक्क्याला असायची. आता कंटेनरची बोट बहुतेक वेळा एका दिवसात माल उतरवून, चढवून निघूनही जाते. एवढ्या अवाढव्य बोटीवर माणसं असतात वीस-पंचवीस, आणि बंदरात असतानाच त्यांना सगळ्यात जास्त काम असतं. क्रेन रात्रीही थांबत नाहीत. परदेशी खलाशाला खाली उतरायला पास लागतो, गेट लांब, आणि हातात जेमतेम दोन तास. मग तो उतरतच नाही. त्याला बाहेर येता येत नाही, म्हणून आपण आत जायचं, एवढं साधं हे काम आहे.

ही कल्पना काही आमची नव्हे. इंग्लंडमधली 'मिशन टू सीफेरर्स' ही संस्था 1856 सालची, तर 'स्टेला मारिस'चं काम 1920 साली ग्लासगोत सुरू झालं. मुंबईतलं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय तुम्ही पाहिलं असेल. ती इमारत मुळात बांधली गेली ती 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' म्हणून, खलाशांना उतरायला. व्ही. टी. स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सचंच ते काम.

आम्ही बरोबर काय नेतो? इंटरनेटचं छोटं यंत्र, ते मेसच्या टेबलावर ठेवलं की चार तास सगळ्यांना घरी बोलता येतं. चार्जरच्या वायरी, लोकरी टोप्या, दिवाळीत चिवडा-लाडू. फिलिपिनो असो, युक्रेनचा असो की आपला रत्नागिरीचा, फोन लागला की सगळे एकाच पद्धतीने कोपऱ्यात तोंड करून उभे राहतात. एका फिलिपिनो खलाशाचे वडील वारले होते आणि बोट भर समुद्रात होती. त्याला सांत्वन नको होतं. त्याने मोबाइलवर वडिलांचे फोटो दाखवले, एकेक करून, आणि मी अर्धा तास पाहत बसले. त्याच्या भाषेतलं मला काहीच कळत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

पण नुसत्या मायेने सगळं भागत नाही, हेही इथेच शिकले. बोटीवर गेलं की मी आधी भटारखान्यात डोकावते. भाजी संपून आठवडा झाला असेल, तर बहुतेक वेळा पगारही थकलेला असतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या, लहान बोटीवर असंच झालं. नुसता भात आणि बटाटे. मी घरी फोनवर मालवणीत बोलत होते, ते ऐकून चहा घेऊन आलेला पोरगा थबकला. "काकी, तुमी खंयच्या?" कुडाळची म्हटल्यावर त्याचा बांध फुटला. तीन महिने पगार नाही. नोकरीसाठी एजंटने लाखांत पैसे घेतलेले, त्यासाठी बापाने कलमांची बाग गहाण टाकलेली. आईला सांगत होता, बँकेचा घोळ आहे. तक्रार केली तर पुन्हा कुणी बोटीवर घेणार नाही, ही भीती.

मी त्याला मेसच्या भिंतीपाशी नेलं. तिथे एक प्रमाणपत्र लावलेलं असतं, रोज जेवताना समोर दिसणारं आणि कुणीच न वाचलेलं. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2006 साली झाला, भारताने तो 2015 साली स्वीकारला. त्यानुसार दोन महिने पगार थकला तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. मग चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. त्या विमेदाराचा पत्ता त्याच कागदावर असतो.

आमचा एक नियम आहे : खलाशाच्या परवानगीशिवाय एक शब्दही बाहेर न्यायचा नाही. त्या पोराने रात्रभर विचार केला, बरोबरच्या सगळ्यांशी बोलला आणि सकाळी हो म्हणाला. आम्ही फक्त कामगार संघटनेच्या निरीक्षकापर्यंत निरोप पोचवला. काही आठवड्यांनी पगार मिळाला, पोरगा घरी पोचला. एजंटला दिलेले पैसे मात्र आजतागायत परत आलेले नाहीत.

म्हणून शाळेकडे माझी एक मागणी आहे. आपली मुलं आजही बोटीवर जातात आणि जावीत, चांगली नोकरी आहे. पण दहावी-बारावीच्या मुलांना वर्षातून एकदा तीन गोष्टी सांगूया. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्या कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमाला धरून नाही. तासाभराचं काम आहे. त्यासाठी मी दरवर्षी स्वखर्चाने येईन.

आणि तुमच्याकडेही एक मागणं. ज्यांना उरणला येणं जमेल त्यांनी माझ्याबरोबर एकदा बोटीवर चला. ज्यांना जमणार नाही, त्यांनी आपल्या वाडीत ज्या घरचा मुलगा बोटीवर आहे तिथे अधूनमधून जा. त्याच्या आईला दवाखान्यात न्यायला, लाइटचं बिल भरायला कुणी आहे का, बघा. समुद्रावरचा माणूस फोन लागल्यावर सगळ्यात आधी तेच विचारत असतो.