बॅग तुमची, तर आतलं सगळं तुमचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहूनही ठेवलाय. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं मागेपुढे केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे परदेशातले ड्रग्जचे कायदे आणि फिरायला गेलेले आपण. आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, "ताई, आम्ही सुपारीसुद्धा खात नाही, आम्हाला काय त्याचं?" तर हा भाग खास तुमच्यासाठीच आहे. घेणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की आपण काय करतोय. न घेणारा बिनधास्त असतो आणि बिनधास्त माणसाची बॅग वापरणं सगळ्यात सोपं असतं.

एक घडलेली गोष्ट सांगते. २०१९ च्या जुलैमध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला, दोहाला गेलं. ट्रिपचा खर्च एका नातेवाईक बाईंनी केला होता, भेट म्हणून. जाताना त्यांच्याकडे एक पाकीट दिलं, तिकडच्या ओळखीच्या माणसाला द्यायला. दोहाच्या विमानतळावर बॅग उघडली आणि त्यात निघालं चार किलोच्या वर चरस. दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मूल तुरुंगात जन्माला आलं.

पुढे घरच्यांनी भारतात तक्रार केली, नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने तपास केला आणि या दोघांना फसवलं गेल्याचं समोर आलं. ते सगळं कतारच्या कोर्टापुढे मांडलं गेलं, पुन्हा सुनावणी झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये दोघं निर्दोष सुटले. शेवट गोड झाला म्हणायचं, पण मधली जवळपास पावणेदोन वर्षं कोण परत देणार?

आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं असतं. मी काही केलं नाही, म्हणजे मला काही होणार नाही. खरं सांगायचं तर ड्रग्जचे कायदे या गणितावर चालत नाहीत. तिथे पहिला प्रश्न असतो, वस्तू कोणाच्या ताब्यात सापडली? तुम्हाला माहीत होतं का, हा प्रश्न नंतर येतो. आणि "मला माहीत नव्हतं" हे पटवून देण्याचं ओझं बऱ्याच ठिकाणी तुमच्याच डोक्यावर असतं.

सिंगापूरचं बघा. तिथला अमली पदार्थांचा कायदा १९७३ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की, ड्रग्ज असलेली वस्तू तुमच्या ताब्यात असेल, किंवा ती ज्यात ठेवलीये त्याची किल्ली जरी तुमच्याकडे असेल, तर ड्रग्ज तुमच्याच ताब्यात होते असं कोर्ट धरून चालतं. आणि ते काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असंही धरून चालतं. तसं नव्हतं, हे सिद्ध तुम्ही करायचं. आता आकडे ऐका. दोन ग्रॅमच्या वर हेरॉइन किंवा १५ ग्रॅमच्या वर गांजा सापडला, तर तो विकण्यासाठीच आणला असं गृहीत धरतात. आणि १५ ग्रॅमच्या वर हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी सिद्ध झाली, तर कायद्यात फाशी आहे. १५ ग्रॅम म्हणजे किती? साधारण तीन चमचे साखर. आणि हे नुसतं कागदावर नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका मलेशियन माणसाला तिथे फाशी दिली. माल होता ४३ ग्रॅमपेक्षाही कमी हेरॉइन. जगभरातून दयेच्या विनंत्या आल्या, तरी दिली.

तुम्ही म्हणाल, सिंगापूर आहे बाबा, तिथे च्युइंगगमलाही भाव नाही. पण आपला स्वतःचा एनडीपीएस कायदा, १९८५ चा, तोही असाच आहे. त्याच्या कलम ३५ मध्ये आरोपीला माहीत होतं, त्याचा तसा हेतू होता, असं कोर्ट धरून चालतं आणि ते खोडून काढायचं काम आरोपीचं. शिवाय हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, हे पहिल्याच कलमात लिहिलंय.

आता हे डोक्यात ठेवून चेक-इन काउंटर आठवा. तिथे विचारतात ना, "ही बॅग तुम्हीच भरली का? कोणी काही दिलंय का?" आपण मोबाइलमध्ये बघत "हो, हो, नाही, नाही" करतो. पण बॅगेत काही निघालं, तर "मीच भरली" हे उत्तर तुमच्या विरोधातली पहिली गोष्ट ठरू शकते.

बरं, फसवणारा काळा चश्मा घालून येत नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला कामाच्या ऑडिशनचं निमित्त सांगून शारजाला पाठवलं आणि हातात एक ट्रॉफी दिली. ट्रॉफीच्या आत ड्रग्ज होते. तिला तिथे अटक झाली, तुरुंगात राहावं लागलं. मुंबई पोलिसांनी इकडे तपास करून कट उघड केला, तेव्हा ती सुटली. दोन्ही गोष्टींत साम्य बघा. एकीकडे फुकट ट्रिप, दुसरीकडे कामाची संधी. आणि दोन्हीकडे शेवटच्या क्षणी हातात दिलेली एक वस्तू.

म्हणून "तिकीट आमचं, हॉटेल आमचं, येताना फक्त एक बॅग आण" अशी ऑफर कोणी दिली, तर तुम्ही पर्यटक नाही, हमाल आहात. आणि पकडला जातो तो हमाल, मालक नाही. मुंबई विमानतळाच्या बातम्या काढून बघा. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात 'हायड्रोपोनिक वीड' सापडल्याच्या बातम्या सारख्या येतात. कधी खाऊच्या पाकिटात लपवलेलं, कधी बॅगेच्या चोरकप्प्यात. नाव कितीही फॅन्सी असलं, तरी आपल्या कायद्याच्या भाषेत तो गांजाच. एक किलोच्या वर आणि २० किलोच्या आत असेल, तर दहा वर्षांपर्यंत कैद. २० किलोच्या वर गेला, तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. आणि जामीन मिळणं महाकठीण.

बँकॉकचा विषय निघालाच आहे, तर "तिकडे चालतं रे" या वाक्याकडे येऊया. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. गल्लोगल्ली दुकानं झाली, रील्स आल्या. पण २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारने नियम फिरवला आणि गांजाची फुलं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तुम्ही बघितलेली रील कदाचित जुन्या नियमातली असेल. रीलवर तारीख कोण बघतं?

ॲमस्टरडॅमचंही तसंच. तिथल्या कॉफीशॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंत विक्रीकडे काणाडोळा करतात. लक्षात घ्या, काणाडोळा करतात. गांजा तिथे पूर्ण कायदेशीर आहे, असा त्याचा अर्थ नाही. आणि एका देशात चालणारी गोष्ट सीमा ओलांडली की गुन्हा होते. तुमचं विमान दुबईला किंवा दोह्याला फक्त तीन तास थांबणार असलं, तरी त्या तीन तासांत तुमच्यावर कायदा त्यांचाच चालतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ब्रिटनी ग्रायनर. अमेरिकेची बास्केटबॉलपटू, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती. २०२२ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात व्हेपची काडतुसं सापडली. त्यात गांजाचं तेल, सगळं मिळून एक ग्रॅमपेक्षाही कमी. तिच्या राज्यात, ॲरिझोनात, डॉक्टरने ते लिहून दिलेलं होतं. रशियात त्या चिठ्ठीला किंमत शून्य. नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये ती सुटली, पण कशी? अमेरिकेने तिच्या बदल्यात व्हिक्टर बाउट नावाचा शस्त्रांचा व्यापारी सोडला. आता मला सांगा, तुमच्या-माझ्या बदल्यात कोण कोणाला सोडणार आहे?

व्हेपवरून आठवलं. नुसतं व्हेप, आत निकोटिन असलेलं, तेही थायलंड आणि सिंगापूरमध्ये बेकायदेशीर आहे. भारतातही २०१९ पासून विक्रीला बंदी आहे. तेव्हा ते घरीच ठेवा. किंवा सोडूनच द्या, मी काय म्हणते.

आता सगळ्यात साधी वाटणारी आणि म्हणूनच सगळ्यात फसवी गोष्ट. औषधं आणि खाऊ.

२०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई इजिप्तला गेली. सोबत ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या होत्या. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी नेतेय, असं तिचं म्हणणं होतं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावर देतात ती प्रीगॅबालिन, ही सगळी संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे आपण ज्याला सरसकट दुबई म्हणतो तिथे, नियंत्रित औषधं आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची आधी परवानगी काढायची असते. जपानमध्ये सर्दीच्या ज्या औषधात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असतं, ते न्यायलाच बंदी आहे. आणि आपल्याकडे ऑनलाइन मिळणारं 'विजया' तेल? लेबलवर आयुर्वेदिक लिहिलेलं असतं, पण विजया म्हणजे भांग-गांजाचंच झाड. सिंगापूर आणि दुबईच्या कस्टम्सला आयुर्वेद समजावत बसू नका.

आई-बाबांना फिरायला घेऊन जाणार असाल, तर त्यांचा औषधांचा डबा स्वतः तपासा. त्यांना वाटतं, रोजची गोळी आहे, त्यात काय.

आणि खसखस! हसू नका. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे वाण्याकडे पुडीत मिळते, पण अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती आणायला बंदी आहे. आता दिवाळीत दुबईच्या दादा-वहिनींसाठी डबा निघतो, त्यात काय असतं? खसखशीवर थापलेले अनारसे. करंजीच्या सारणात खसखस. घरचा मालवणी मसाला, त्यातही खसखस. देणाऱ्या काकूंच्या मनात फक्त माया असते, पण कस्टम्सच्या यादीत मायेचा रकाना नाही. काकूंना प्रेमाने सांगा, "यंदा अनारसे तिळावर थापा, आणि मसाला तिकडच्या मराठी दुकानातून घेऊ आम्ही."

नको ते घडलंच तर काय करायचं, तेही सांगते. पहिलं, आरडाओरडा, पळणं, पैसे देऊ करणं, यातलं काहीही नाही. दुसरं, भारतीय दूतावासाला कळवा, असं स्पष्ट सांगा. हा उपकार नाही, १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला हक्क आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाकिस्तानला दोषी धरलं, ते याच हक्कावरून. तिसरं, जी भाषा वाचता येत नाही, त्या कागदावर सही नाही. दुभाषी मागा. चौथं, घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि भारतात कोणी फसवलं असेल, तर इथे लगेच पोलिसात जायचं. दोहा आणि शारजा, दोन्ही प्रकरणांत सुटका झाली ती इकडे तपास झाला म्हणून. म्हणजे वस्तू कोणी दिली, कधी दिली, कुठल्या मेसेजवर बोलणं झालं, हे सगळं जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका.

दूतावास काय करू शकतो? भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. काय करू शकत नाही? तिथला कायदा वाकवू शकत नाही. २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलेल्या आकड्याप्रमाणे परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत. सगळे ड्रग्जच्या केसमधले नाहीत, गुन्हे वेगवेगळे आहेत. पण दूतावास सगळीकडे असूनही ते आत आहेत, एवढं समजून घ्या.

तर निघायच्या आदल्या रात्रीची कामं. बॅग स्वतः भरा, कुलूप स्वतः लावा. बंद पाकीट कोणाचंही घेऊ नका, मग देणारा मामा असो नाहीतर बॉस. घ्यायचंच असेल, तर समोर उघडून बघा. "उघडू नको, छान पॅक केलंय" असं म्हणाला, तर तिथेच परत द्या. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, लागतील तेवढीच, आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी, तीही औषधाचं मूळ नाव लिहिलेली. आणि ज्या देशात उतरणार, थांबणार, त्या प्रत्येक देशाची बंदीची यादी त्यांच्या सरकारी वेबसाइटवर बघा, रीलवर नाही.

"नाही" म्हटल्यावर कोणी रुसेल, कोणी म्हणेल, "एवढाही विश्वास नाही का?" रुसू दे. रुसवा एका फोनने निघतो.

हा भाग तुमच्या ट्रिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आणि फराळ पाठवणाऱ्या काकूंनाही. भेटूया पुढच्या भागात, तोवर मजेत फिरा आणि हलक्या बॅगेने परत या!