मॅटॅडोरचे पोचे

आज पत्र्यावर बोलायचंय. छपराच्या नाही, गाडीच्या. हसू नका, या पत्र्यात आमच्या गटाचे अठरा हजार रुपये गेलेत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये चाकणजवळच्या आमच्या गटाने एक जुनी मॅटॅडोर घेतली. चालवायला नाही. इंजिन काढलेलं, आरटीओत नोंदणी रद्द झालेली, नुसता सांगाडा. आमच्यातल्या एका ताईंची जागा कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. तिथे ती उभी करायची, सकाळी चहा-पोहे आणि दुपारी पिठलं-भाकरी विकायची, असा बेत. तुम्हीही असं काही घेणार असाल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद आधी हातात घ्या, मग पैसे मोजा.

मॅटॅडोर तशी आपल्याच गावची म्हणायची. मूळ आराखडा जर्मनीचा, पण १९६९ पासून ती आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीत बनायला लागली. आजची फोर्स मोटर्स ती हीच. आमच्या लहानपणी लग्नाचं वऱ्हाड, भाजीचे क्रेट, शाळेची पोरं, सगळं मॅटॅडोरमध्येच. कुठल्याही कंपनीची तशी गाडी दिसली तरी आजी म्हणायची, मॅटॅडोर आली.

तर या गाडीला डाव्या अंगाला हातभर लांबीचा पोचा होता आणि मागच्या दारावर दोन लहान. एका कारागिराने अठरा हजार सांगितले. मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. चार दिवसांत गाडी आरशासारखी गुळगुळीत. आम्ही नारळ फोडला, जूनमध्ये धंदा सुरू केला. ऑगस्टमध्ये रंगाला फुगे आले, मग चिरा पडल्या आणि एके दिवशी गिऱ्हाईक समोर उभं असताना भाकरीएवढा जाड थर सुटून पोह्यांच्या परातीशेजारी पडला. खाली बघतो तर पोचा जसाच्या तसा, वर गंज. त्याने पत्रा ठोकलाच नव्हता, खड्ड्यात नुसती लांबी भरली होती. लांबी म्हणजे रंगाआधी लावतात ती पुट्टी. तो माणूस फोन उचलेना. गाडी बंद करावी लागली. बैठकीत विचारणा झाली, सही कुणाची? माझी. दोघी बैठकीला यायच्या थांबल्या.

वाट सापडली ती गटातूनच. आमची एक सदस्य एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला जाते. दाबून तयार झालेले पत्रे तपासायचं तिचं काम. हातमोजा घालून ती पत्र्यावरून तळवा फिरवते, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. तिने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं आणि गाडीभर फिरवलं. लोखंडी पत्र्याला ते घट्ट चिकटतं. जिथे लांबी जाड तिथे सैल पडतं किंवा गळून पडतं. आम्ही खडूने गोल काढत गेलो. पैसे देण्याआधी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर!

मग एक म्हातारे डेंटर काका मिळाले. रोजावर यायला तयार, आणि विचारलं की सांगणारे. त्यांनी समजावलं ते तुम्हाला पातेल्यावरून सांगते. पातेलं पडलं की आपण पोच्याच्या मधोमध आतून ठोकतो. त्याने मधला भाग ताणला जातो आणि भोवतीची कड तशीच राहते. खरं तर पोचा धरून ठेवते ती कड. पत्रा जिथे वळला तिथे तो कडक झालेला असतो. म्हणून काका आतून खोलगट जागेवर डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, दाबून धरायचे आणि बाहेरून हातोडी मारायचे ती शेजारच्या उंचवट्यावर. उंच भाग खाली बसतो, डॉलीच्या रेट्याने खोल भाग वर येतो. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं. हलके, पण पुष्कळ ठोके. जोरात मारलं की पत्रा पातळ होऊन पसरतो, मग डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् आतबाहेर करतो. तसा झालाच तर गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करून, भोवती हलके ठोकून, ओल्या फडक्याने थंड करायचा. पत्रा आकसतो. हे काम मात्र जाणत्यानेच करायचं, तेही आतलं अस्तर आणि वायरी काढून.

ठोकल्याने धातू कडक होतो हे पुण्याच्या तांबट आळीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तांब्याचं भांडं मठारलं की ते कणखर होतं, आणि जास्त ठोकायचं तर मध्ये तापवून मऊ करावं लागतं. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. आपल्या एसटीच्या बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत कित्येक वर्षं ॲल्युमिनियमच्या बनत. परदेशात गाडीमागे ओढायची फिरती घरं असतात, त्यांचाही पत्रा बहुधा तोच. त्याला चुंबक चिकटत नाही, आणि तापवताना तो लाल न होता एकदम वितळतो. लोखंडाचा नियम तिथे लावू नका.

खरवडणं आणि घासणं आम्ही पाच जणींनी केलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी मारून ओलाच खरवडला, तोंडाला मास्क, पोरं लांब. घाण गोळा करून लगेच उचलली. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला. लांबी लागलीच, पण दोन-तीन मिलिमीटरच्या आत. तिच्यात हार्डनर शंभराला साधारण दोन भाग. कालवल्यावर थोड्याच मिनिटांत घट्ट होते, म्हणून लिंबाएवढीच घ्यायची. आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस. लांबी उघडी असताना पाणी लावू नका, ती पाणी शोषते आणि खालून गंज धरतो. पाण्याने घासायचं ते प्रायमर चढल्यावर. आणि प्रायमर आतल्या बाजूनेही मारा, आम्ही पहिल्यांदा तिकडे पाहिलंच नव्हतं.

काकांचे सहा दिवस, रोज हजार. सामान चार हजार तीनशे. अट आम्हीच घातली: लांबी लावण्याआधी उघडा पत्रा सगळ्यांनी हात फिरवून बघायचा, मगच पुढचे पैसे. काका म्हणाले, "अशी अट घालणारं गिऱ्हाईक असलं की काम करायला बरं वाटतं."

डिसेंबरपासून गाडी पुन्हा सुरू आहे. यंदाचा पाऊस बऱ्यापैकी झाला, अजून फुगा नाही. मी दर रविवारी चुंबक नाही, तळवा फिरवते. थांबलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी अजून नाही. बुडालेले अठरा हजार धंद्याच्या नफ्यातून दरमहा दीड हजाराने गटाच्या खात्यात परत भरतोय. सात हप्ते झाले, पाच राहिलेत.